तुम्ही विचारलंत म्हणून : आवड बदलली की पट्टी?

"मास्तर, पह्यले ह्या भजनाचा कंटाळा ये, आता तेच गोड लागते. अन् पोट्ट्यायचे गाणे कानात खुपतात. हे वयाचं असते काय?"

भजन मंडळात पेटी वाजवणाऱ्याला हा प्रश्न दर सप्त्याला, दर पुण्यतिथीला कोणी ना कोणी विचारतंच. विचारणारा पन्नाशी-साठीचा असतो आणि 'वय झालं की माणूस देवाकडं वळतो' एवढं ऐकलं की त्याचं समाधान होतं. ते उत्तर अर्धंच खरं आहे. मन वळतं ते मागाहून. आधी कान बदलतो, मग गळा बदलतो. दोन्ही इतके हळू बदलतात की माणसाला पत्ता लागत नाही, आणि तो सगळा हिशेब आवडीच्या नावावर टाकून मोकळा होतो.

तरुण, निरोगी कान २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज घेतो (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं; आकडा मोठा तितका आवाज बारीक). झीज वरच्या टोकाकडून सुरू होते आणि साठीनंतर बऱ्याच जणांच्या बाबतीत ती खाली ४००० हर्ट्झपर्यंत पोचलेली असते. आपल्याकडं ती लवकरच पोचते. बिनकेबिनचा ट्रॅक्टर, सोयाबीनचं थ्रेशर, जिनिंगमधली नोकरी, सगळं उघड्या कानांनी. ८५ डेसिबलच्या आवाजात ८ तास ही साधारण सुरक्षित मर्यादा धरतात. पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. वरातीतल्या डीजेच्या भिंतीपुढं पोट्टे किती वेळ नाचतात ते तुम्ही मोजा.

घरच्या घरी तपासायचं तर पावसाळ्यातल्या रात्री नातवाला घेऊन अंगणात उभे राहा. रातकिड्यांची किरकिर बरीचशी ४००० हर्ट्झच्या वर असते. त्याला ती ऐकू येते आणि तुम्हाला रात्र शांत वाटते, तर काय गेलं ते कळलं. उलट भर उन्हाळ्यात, दुपारी, दार लावलेल्या खोलीतही तुमच्या कानात रातकिडा वाजत असेल, तर तेही बहुतेक त्याच झिजेचं लक्षण. मात्र आधी मळ तपासून घ्या. मळाचा बोळा बसला असला तरी असंच होतं, आणि तो डॉक्टरनं काढला की काम संपतं. आगपेटीची काडी घालू नका, आणि पडदा फाटका आहे की नाही हे माहीत नसताना कोमट तेलही सोडू नका. एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं तर मात्र आठवडाबाजाराची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, कारण तिथं दिवसांवर सगळं अवलंबून असतं.

आता याचा गाण्याशी संबंध. आ, ओ, उ हे स्वर खालच्या भागात राहतात. स, श, फ, थ ही व्यंजनं वरच्या भागात. म्हणून झिजलेल्या कानाला चाल ऐकू येते, शब्द निसटतात. जुन्या गाण्यात आवाज पुढं आणि वाद्यं मागं, त्यामुळं निसटलेलं अक्षर अंदाजानं भरून काढता येतं. नव्या गाण्यात ठोका पुढं आणि शब्द त्याच्या पोटात. "पह्यलेच्या गाण्याले अर्थ होता" ही जी तक्रार आहे ना, तिच्यातला निदान निम्मा भाग व्यंजनांचा आहे. शिवाय झिजलेल्या कानाची एक खोड असते. हळू लावलं तर ऐकू येत नाही, आणि थोडं मोठं केलं की एकदम डोक्यात जातं. मधली जागाच आक्रसते. त्यामुळं नातू एक टप्पा आवाज वाढवतो आणि आजोबा भडकतात. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

याहून गमतीची गोष्ट रेडिओची. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ सालचं. पुढं खेड्यापाड्यांत ट्रान्झिस्टर आले आणि दोन-तीन पिढ्यांनी गाणी ऐकली ती मध्यम लहरींवर. या लहरींवरून साधारण ५००० हर्ट्झच्या वरचं फारसं काही येतच नाही. देवळावरच्या भोंग्याचंही तसंच, तो तर खालचा घुमाराही कापतो. म्हणजे ज्यानं गाणं रेडिओवर ऐकलं, त्यानं ते वरचं टोक छाटलेलंच ऐकलं. आज त्याच्या कानाचं वरचं टोक गेलं, तरी त्या गाण्यातलं काही हरवत नाही. ते त्याला पूर्वीइतकंच पूर्ण वाटतं. नव्या गाण्यातली झांजेची शिरशिर, कुजबुजलेला शब्द मात्र त्याच्यापर्यंत पोचत नाही आणि उरते नुसती धडधड. मग तो म्हणतो, आताच्या गाण्यात काही नाही.

म्हणून कोणतंही गाणं नापास करण्याआधी एकदा मोबाईल नीट लावून पाहा. इक्वलायझरमध्ये ६० ते १२५ हर्ट्झच्या पट्ट्या ४-५ डेसिबल खाली घ्या, २००० ते ४००० च्या ३-४ डेसिबल वर. सगळंच वर ढकलू नका, आवाज फाटतो आणि दोष पुन्हा गायकावर येतो. एक कान कमजोर असेल तर सेटिंगमधल्या सुलभतेच्या भागात 'मोनो ऑडिओ' चालू करा, नाहीतर एका बाजूची वाद्यं त्या कानासोबतच जातात. मोबाईलच्या उघड्या स्पीकरवर ढोलकीचा धुमा येतच नाही, तेव्हा पारखायचं तर हेडफोन किंवा स्पीकरचा बरा डबा घ्या. एवढं करूनही नाही आवडलं, तर खुशाल म्हणा की आवडलं नाही.

कानाचं यंत्र बसवलेल्यांची अडचण वेगळी. यंत्र बोलणं ऐकण्यासाठी लावलेलं असतं. त्यातली शिट्टी दाबणारी सोय पेटीचा किंवा तंबोऱ्याचा लांब सूर ऐकते, त्यालाच शिट्टी समजते आणि दाबायला जाते. सूर थरथरतो, बेसूर वाटतो. भजन सोडून घरी बसलेली काही माणसं निव्वळ यापायी बसलेली असतात. यंत्र लावून देणाऱ्याला संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम टाकून मागा आणि त्यात शिट्टी दाबणं, गोंगाट कमी करणं या दोन्ही सोयी कमीत कमी ठेवायला सांगा.

आता गळा. तरुण मंडळी पांढरी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी पांढरी पट्टी सा धरून, खणखणीत म्हणतात आणि पंचवीस वर्षं तीच पट्टी धरून बसतात, जणू ती मंडळाची इभ्रत आहे. वय वाढतं तसा वरचा पल्ला आखडतो. बायकांचा आवाज पाळी गेल्यावर खाली उतरतो, पुरुषांचा बोलण्यातला आवाज म्हातारपणी उलट थोडा वर सरकतो. पण अंतऱ्याला जोर दोघांचाही पुरत नाही. मग माणूस अंतरा आला की टाळ वाजवत गप्प बसतो, आणि वर्षभरात त्याला ते भजन 'आवडेनासं' होतं.

पट्टी ठरवायची ती भजनातल्या सगळ्यात उंच सुरावरून. तो सूर हळू आवाजात, मानेच्या शिरा न ताणता लागला पाहिजे. लागत नसेल तर अर्ध्या-अर्ध्या सुरानं खाली या. खालची मर्यादा सगळ्यात खालचा सूर सांगतो. तो शेजारी बसलेल्याला ऐकू येत नसेल तर तुम्ही जास्त उतरलात. पांढरी चारवरून काळी एक म्हणजे चार अर्धे सूर, साठीच्या पुरुषांना बहुतेक वेळा तेवढं पुरतं. पेटीवाल्याला बोटं नव्यानं बसवावी लागतात: सा काळी एक, रे काळी दोन, ग पांढरी चार, म काळी तीन, प काळी चार, ध काळी पाच आणि नी पुढची पांढरी एक. पाच काळ्या, दोन पांढऱ्या. आठवडाभर बोटं अडखळतात, नंतर हीच पट्टी हाताला सगळ्यात सोपी वाटते.

घोटाळा होतो तो तबल्यावर. पांढरी चारला लावलेला दायाँ (उजव्या हाताचा तबला) ठोकून ठोकून काळी एकपर्यंत उतरवायला गेलं की वादी, म्हणजे ताणाचा कातडी पट्टा, सैल पडते, आवाज भद्द येतो. आणि न उतरवता तसाच वाजवला तर तो नव्या पट्टीच्या गंधारावर (ग) बोलतो, म्हणजे सगळं भजन दाढ दुखल्यासारखं होतं. पैसे असतील तर सव्वापाच ते साडेपाच इंच तोंडाचा दायाँ वेगळा घ्या. नसतील तर आणखी अर्धा सूर खाली, पांढरी एकला बसा. तिथं तोच जुना तबला मध्यमावर (म) बोलतो आणि मध्यम ठळक असलेल्या चालींना छान साथ देतो. जिथं पंचमावर सगळा भार आहे तिथं ही युक्ती चालणार नाही, त्या भजनाला ढोलकी घ्या.

खंजेरीबद्दलही हेच. "आताच्या खंजेरीत दम नाही" असं म्हातारे म्हणतात. खंजेरीत दोन आवाज असतात, कातड्याची थाप आणि पितळी चकत्यांची छनछन. छनछन वरच्या टोकाची, ती त्यांना पोचत नाही, नुसती थाप पोचते. ती थापही श्रावणात दमट हवेनं बसकी होते, तेव्हा निखाऱ्यापासून हातभर लांब धरून कातडं शेकावं. वैशाखात ते इतकं ताणतं की टणटणतं, तेव्हा आतून ओलसर फडका फिरवायचा. शेकायला आळस केला तर तरुण कानालाही दम नाहीच वाटणार. बकऱ्याचं कातडं पुरे. घोरपडीचं आणून देतो असं कोणी म्हणालं तर हात जोडा, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे.

एवढी सगळी वजाबाकी केल्यावर जी उरते ती खरी आवड. ती कुठून येते? साधारण दहाव्या वर्षापासून तिशीपर्यंत जे कानावर पडतं, ते माणसाला सगळ्यात घट्ट आठवतं, हे स्मरणशक्तीच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. त्यात आवडलेलं आणि नावडतं असा भेद फारसा राहत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) खंजेरी घेऊन गावोगाव फिरले, त्यातून जागोजागी मंडळं उभी राहिली आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना सुरू झाली. मागच्या सतरंजीवर कंटाळून चुळबुळ करणाऱ्या पोराच्या कानात ते सगळं जमा होतच होतं. पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतल्या नाटकाच्या रात्री, पोळ्याला म्हणायच्या झडत्या, भीमजयंतीची गाणी, ज्याच्या वाट्याला जे आलं ते. साठीला माणूस वळतो तो तिकडं. कंटाळा विसरतो, चाल राहते. तेव्हा आजचे पोट्टेही २०६५ च्या सुमाराला डीजेचीच गाणी लावून डोळे पुसणार आहेत, तयारी ठेवा.

नातवंडांसोबत काही म्हणायचं असेल तर भजनापेक्षा मुली म्हणतात ती भुलाबाईची गाणी बरी. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिना मिळतो. चाली चार-पाच सुरांत फिरतात, त्यामुळं आजीचा उतरलेला आवाज आणि नातीचा कोवळा आवाज पांढरी सहाच्या आसपास सहज जुळतात. पेटी लागत नाही, टिपऱ्या पुरतात. फक्त पहिली ओळ आजीनं उचलावी. नातीनं उचलली तर ती खिरापतीच्या घाईत ओरडून उचलते, आणि दुसऱ्या ओळीला आजी नुसत्याच टिपऱ्या वाजवत बसते.