उंदराचा गर्भ, गायीचा गर्भ आणि आपला

परळमध्ये केईएम रुग्णालय, राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था आणि पशुवैद्यकीय महाविद्यालय हाकेच्या अंतरावर आहेत, त्यामुळे माणसाचा गर्भ पाहणारे आणि गायीचा गर्भ पाहणारे तिथे एकाच बसथांब्यावर उभे असण्याची शक्यता बरीच आहे. १९८६ मध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून याच केईएममध्ये टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली. तरीही वर्गात सस्तन प्राण्यांचा गर्भ शिकवायची वेळ आली, की आम्ही प्राध्यापक मंडळी फळ्यावर उंदराचीच आकृती काढतो. या सवयीबद्दल माझी तक्रार आहे.

उंदरात सगळे झटपट उरकते. आठ पेशी झाल्या की त्या एकमेकींना इतक्या घट्ट चिकटतात की सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या कडा वेगळ्या दिसेनाशा होतात, आणि साडेतीन दिवसांत ब्लास्टोसिस्ट हा पोकळ गोळा तयार होतो. त्याच्या बाहेरच्या थरातून पुढे वार घडते, तर आतल्या पुंजक्यातून पिल्लू. बाहेरच्या पेशींत सीडीएक्स-२ हे प्रथिन ऑक्ट-४चे, म्हणजे पेशीला कोणतेही रूप घेण्याची मुभा राखणाऱ्या प्रथिनाचे, जनुक बंद पाडते आणि त्या पेशींचा परतीचा रस्ता जवळजवळ संपतो.

गायीच्या ब्लास्टोसिस्टमध्ये मात्र बाहेरच्या थरातही ऑक्ट-४ टिकून असते. २०११ मध्ये न्यूझीलंडच्या संशोधकांनी दाखवले, की गायीच्या या बाहेरच्या पेशी काढून कोवळ्या गर्भात मिसळल्या, तर त्या आतल्या पुंजक्यातही सामील होऊ शकतात. उंदराचा गर्भ साडेचार दिवसांच्या सुमारास रुजतो, तर गायीचा जवळपास तीन आठवडे गर्भाशयात मोकळा राहून लांबत जातो. तेव्हा उंदराला घाई आहे आणि गायीला नाही, असे स्पष्टीकरण दिले जाते. मला ते अर्धेच पटते. माणसाचा गर्भ सहाव्या-सातव्या दिवशी रुजू लागतो, म्हणजे गायीपेक्षा कितीतरी लवकर, आणि तरीही पाचव्या दिवशी त्याच्या बाहेरच्या थरात ऑक्ट-४ सापडते.

२०१७ मध्ये लंडनला कॅथी नियाकन यांच्या गटाने मानवी गर्भात ऑक्ट-४चे जनुक निकामी केले, तेव्हा बहुतेक गर्भांत ब्लास्टोसिस्टच नीट घडला नाही. उंदरात ऑक्ट-४ नसले तरी ब्लास्टोसिस्ट घडतो, बिघाड होतो तो आतल्या पुंजक्यात.

पुढच्या टप्प्यातही, म्हणजे आतल्या पुंजक्यातून पिल्लाच्या पेशी आणि पीतक पिशवीकडे (गर्भाला जोडलेल्या तात्पुरत्या पिशवीकडे) जाणाऱ्या पेशी वेगळ्या होताना, हीच गत आहे. उंदराच्या गर्भात एफजीएफ या पेशींमध्ये निरोप पोहोचवणाऱ्या प्रथिनाचा संदेश औषधाने अडवला, तर पीतक पिशवीच्या पेशी तयारच होत नाहीत. २०१२ मध्ये तोच प्रयोग मानवी गर्भांवर झाला, तेव्हा त्या पेशी तयार झाल्याच.