तेलाची कुपी

दुपारी रिमोट दाबला आणि गॅरेजचं दार उठलं. पण कसं? गुडघ्यांवर हात टेकून, 'आई गं' म्हणत, मध्ये एकदा दम खाऊन. गाडीत बसून मी बघत राहिलो आणि बाहेर जायचं राहूनच गेलं.

माझा तेलावर फार विश्वास. हे बाबांकडून आलंय. शिलाई मशीनच्या खणात त्यांची तेलाची कुपी असायची. लांब चोचीची, बूड दाबलं की 'टुक' वाजणारी. रविवारी ती घेऊन ते घरभर हिंडायचे. बिजागऱ्या, कड्या, सायकल, पंखा. स्टूल धरायचं काम माझं. मधूनच कुपी कानाशी नेऊन हलवायचे, तेल किती उरलंय ते ऐकायला. एकदा मी विचारलं, हे दार तर कुरकुरत नाही, मग तेल कशाला? "त्यालाही वाटायला नको का," म्हणाले.

तर मी ती कुपी काढली. गंज सोडवणारा स्प्रे मारत नाही आता. होतं नव्हतं ते ग्रीसही तो धुऊन नेतो. रूळ नुसते फडक्याने पुसले. तिथं तेल घातलं की धूळ बसून काळा चिखल होतो. थेंब फक्त बिजागऱ्यांना आणि रोलरच्या बेअरिंगला. चौथा रोलर फिरतच नव्हता, नुसता फरफटत होता. घासून घासून एका बाजूला नखाएवढा सपाट झालेला.

एवढं करून दार ढिम्मच. मग ते खाली असतानाच लाल दोरी ओढून मोटर सोडवली, दार हाताने कमरेपर्यंत उचललं आणि पकड हळूच सैल केली. स्प्रिंग धड असली तर दार तिथंच तरंगतं. माझं जडपणे खाली आलं. म्हणजे मोटर बिचारी निर्दोष! दाराचं वजन तोलते ती वरची स्प्रिंग, मोटर नुसती ढोसते. आणि मी सहा महिने शिव्या मोटरला घालतोय. आवाज तिचा येतो ना.

साध्या स्प्रिंगचं आयुष्य १०,००० उघडझापांचं धरतात. दिवसाला चार म्हटल्या तर सात वर्षंही पुरी नाहीत. आमची नववं वर्ष काढतेय.

स्प्रिंगला मात्र मी हात लावला नाही. तिच्यात इतका पीळ भरलेला असतो की सुटली तर हाड मोडेल. माणूस बोलावला. आला तो अगदीच पोरगेलासा. वर बघून म्हणाला, "काका, ही बसलीय. दुसरीही तेवढ्याच वयाची, दोन्ही बदलू." ते 'काका' जरा लागलंच.

परवा येतो म्हणालाय. तोवर गाडी आतच.

कुपी हातात होतीच, तर जाता जाता स्वयंपाकघराच्या दाराला एक थेंब सोडला. ते कुरकुरत नव्हतं.