फ्रीजरमधल्या गारा आणि माझा पंचनामा

26 नोव्हेंबर 2023, रविवार. त्रिपुरारी पौर्णिमा होती. बायको पणत्यांना वाती लावत होती आणि पश्चिमेकडून आभाळ काळं-हिरवं होत आलं. निफाडकडची आमची 2 एकर द्राक्षबाग तेव्हा ज्वारीएवढ्या मण्यांवर होती. आधी वारा सुटला, मग पत्र्यावर कोणी खडी ओतावी तसा आवाज. दहा-बारा मिनिटांत सगळं आटोपलं.

गारा सुपारीएवढ्या होत्या. एक दाताखाली फोडली तर आत दुधी कडं, त्यावर काचेसारखं पारदर्शक, परत दुधी. ढगात जोराने वर चढणारी हवा गारेला गोठणाऱ्या थंडीत झेलत राहते, तेव्हा असे थर चढतात. हे शाळेत शिकलो होतो, पण तोंडात धरून पहिल्यांदाच पाहिलं. पुरावा म्हणून स्टीलच्या डब्यात मूठभर गारा भरून डबा फ्रीजरमध्ये ठेवला. बायको म्हणाली, "अहो, लाईट गेलीय." रात्रभर आलीच नाही. सकाळी डब्यात पाणी.

त्या वर्षी विमा काढला नव्हता, म्हणून सगळी भिस्त पंचनाम्यावर. त्यात सोमवारी गुरुनानक जयंतीची सुट्टी. पण तलाठी भाऊसाहेबांनी फोन उचलला आणि एकच सांगितलं, "दादा, आधी फोटो काढा, मग बाग साफ करा." फोटोत ठिकाण आणि वेळ दिसेल असं ॲप पुतण्याने टाकून दिलं. बरं झालं, कारण पंचनाम्यासाठी थांबून फवारणी लांबवली असती तर उरलेले घडही डावणी रोगाने नेले असते. चिखलात ट्रॅक्टर घालता येईना, म्हणून पाठीवरच्या पंपाने औषध मारलं.

गुरुवारी भाऊसाहेब, कृषी सहायक आणि ग्रामसेवक तिघे आले. मदतीसाठी नुकसान 33 टक्के किंवा त्याहून जास्त लागतं. मी त्यांना फाटलेली पानं दाखवत होतो. सहायक म्हणाले, "पानं राहू द्या, घड उलटा करा." घड तळहातावर घेऊन उलटा केला तर पश्चिमेकडच्या बाजूला प्रत्येक मण्यावर टाचणीच्या डोक्याएवढा काळा डाग. समोरून हिरवागार दिसणारा घड मागून मेलेला! मग त्यांनी बागेत ठिकठिकाणच्या वेली मोजल्या. बांधालगतच्या ओळींत काही उरलं नव्हतं, मधल्या ओळी जरा बऱ्या होत्या. एकूण 60 टक्के लिहिलं. मला ते कमी वाटलं, पण मोजणी माझ्यासमोरच झाली होती, भांडणार कशावर? सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाईलवरून होणाऱ्या पिकाच्या नोंदीत, द्राक्ष लागलेलं होतं, तेवढा एक घोर वाचला.

मदतीची यादी लागली, त्यात माझं नाव नाही. जमिनीचं खातं भावासोबत सामाईक, तो पुण्याला, आणि त्याचं संमतीपत्र मी दिलंच नव्हतं. चूक माझीच. ते आणून दिल्यावर पुढच्या यादीत नाव आणि नावापुढे विशिष्ट क्रमांक आला. तो क्रमांक नि आधार कार्ड घेऊन आपले सरकार केंद्रात केवायसी करायची. तिथे अंगठा लागेना. वर्षानुवर्षं फवारणीसाठी मोरचूद-चुना कालवून रेषा राहिल्यात कुठे? केंद्रातल्या पोराने ओला रुमाल दिला, पाच बोटं फिरवून पाहिली, शेवटी डाव्या हाताची करंगळी चालली.

1 जानेवारी 2024 च्या शासन निर्णयाने द्राक्षासारख्या बहुवार्षिक पिकांची मदत हेक्टरी 36,000 रुपये आणि मर्यादा 3 हेक्टर झाली होती. माझ्या 80 आरचे, म्हणजे दोन एकरांचे, 28,800 बसले. द्राक्षाचा एकरी खर्च ज्याने केलाय त्याला हा आकडा फोडून सांगायची गरज नाही. तरी मार्चनंतर पैसे खात्यात पडले तेव्हा औषधाच्या दुकानदाराची निम्मी उधारी फिटली, आणि तो पुन्हा चहा विचारायला लागला.

एप्रिलमध्ये खरड छाटणीला मजूर लावले. काड्या काढल्या तेव्हा ओलांड्यांची, म्हणजे वेलीच्या आडव्या फांद्यांची, साल उघडी पडली. पश्चिमेच्या अंगाला ओळीने खपल्या धरलेले व्रण. ते पंचनाम्यात कुठल्याच रकान्यात नव्हते. एक मजूरबाई त्यावर बोट फिरवत म्हणाली, "दादा, ह्याला देवी आल्या होत्या का?"