ताई, लाईट!

स्कूटर घेऊन पाचवा दिवस होता. दुपारचे दोन, चेकनाक्याच्या सिग्नलला उभी, हेल्मेटच्या आत घामाचा एक ओघळ नाकाच्या शेंड्याशी येऊन थांबलेला. शेजारच्या रिक्षावाल्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग स्कूटरच्या तोंडाकडे, आणि हात बाहेर काढून पाची बोटं चोचीसारखी उघडमीट केली.

"ताई, लाईट."

"बंद होत नाही हो. नवीन आहे."

बोलून गेले आणि माझं मलाच हसू आलं. नवीन आहे म्हणून बंद होत नाही! त्यानेही अशा नजरेने पाहिलं की ह्या बाईला कुणीतरी बरोबर गंडवलंय. मला सांगायचं होतं की अहो, 2017 च्या एप्रिलपासून सगळ्या नव्या दुचाक्या अशाच येतात, इंजिन चालू तर दिवा चालू, मधलं बटणच काढून टाकलंय. पण तेवढ्यात सिग्नल सुटला आणि मागच्याने हॉर्न मारला.

इतकी वर्षं मला स्कूटर लागली नाही. लोकल होती, बस होती, नवरा होता. सत्तेचाळिसाव्या वर्षी लेकीच्या वयाच्या पोरांच्या रांगेत उभं राहून आठाचा आकडा काढून दाखवला आणि लायसन्स मिळवलं. बुकिंग केलं सोमवारी, शनिवारी स्कूटर ताब्यात. हार, पेढे, पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली धरून फोटो, आणि टाकीत पेट्रोल पंपापर्यंत पोचेल इतकंच. नंबर आला तो आईला फोनवर सांगितला. तिने जागच्या जागी बेरीज केली. "आठ," म्हणाली. मग जरा थांबून, "बरं, शनिवारी मारुतीला जाऊन ये."

बाबांनी स्कूटर बुक केली मी जन्मले त्या वर्षी, आणि ती घरी आली तेव्हा मी पहिलीत होते. चेतक. राणा प्रतापाच्या घोड्याचं नाव, हे शाळेत कळायच्या आधी मला स्कूटरमुळे ठाऊक होतं. पुढे इतिहासाच्या पुस्तकात घोडा भेटला तेव्हा त्यालाच स्कूटरचं नाव ठेवलंय असं वाटलं होतं. तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची हीच पद्धत होती, आणि परकीय चलनात पैसे भरणाऱ्यांचा नंबर मधेच पुढे सरकायचा. आमच्या कन्नमवारनगरात परकीय चलन म्हणजे कुणाच्या तरी दुबईच्या मामाने दिलेलं एक नाणं, तेही खेळायला. तर सहा वर्षं वाट बघून आलेली स्कूटर आणि सहा दिवसांत आलेली स्कूटर ह्यांच्याकडे माणूस एकाच डोळ्याने बघणार नाही, हे मी समजू शकते. पण माझं प्रेम कमी आहे असं कुणी म्हणू नये. मी पहिल्या रात्री दोनदा खाली जाऊन बघून आले.

तिसऱ्या दिवशी तिला घेऊन सजवायला गेले. स्टेशनजवळच्या बोळातलं दुकान, आठ बाय दहाचं, सीट कव्हरं मटणाच्या दुकानासारखी आकड्यांना टांगलेली. आतला पोरगा विशीतला. शिंपी माप घेण्याआधी बघतो तशी त्याने स्कूटरभोवती एक चक्कर मारली.

"ताई, गाडी अशी उघडीच फिरवताय?"

ह्या एका वाक्यात मी गेले. पुढचा तास तो बोलत होता आणि मी मान डोलवत होते. सीट कव्हर टाकू. पायाखाली मॅट टाकू. मडफ्लॅप लावू, पावसात मागच्याच्या अंगावर उडतं. मोबाइल होल्डर. "आणि ऑल राउंड गार्ड तर लागेलच, मुंबई आहे." गार्ड म्हणजे पुढून, बाजूंनी, मागून फिरवलेले चकचकीत स्टीलचे नळे. स्कूटर त्यात बाळंतिणीच्या खाटेवर पडल्यासारखी दिसते. शिवाय ती दोन्हीकडून चार-चार बोटं रुंद होते, आणि चार बोटं काय असतात ते एल. बी. एस. रोडवर मेट्रोच्या कामाच्या पत्र्यांच्या आणि बेस्टच्या मधून जाताना कळतं. गार्ड नसता तर मी निघाले असते. आता गार्ड आहे, म्हणून अडकते, आणि अडकल्यावर ओरखडा गार्डवर जातो, तेव्हा गार्ड घेतला ते बरं झालं असं वाटतं. धंदा म्हणून हा फार पक्का आहे.

लेक म्हणाली, "आई, तू काकांची स्कूटर केलीस तिची."

एक गोष्ट मात्र मी स्वतःहून मागितली. हुक. हँडलखाली पिशवी अडकवायचा आकडा. तो कंपनीचा होता, पण प्लास्टिकचा, करंगळीएवढा. त्याला फार तर मेथीची जुडी पेलेल. मला हवा होता दोन किलो कांदे आणि एक नारळ घेऊन गप्प बसणारा लोखंडी हुक. पोराने ड्रॉवर उपसून एक काढला, घट्ट बसवला, आणि माझ्याकडे पहिल्यांदाच आदराने पाहिलं. मंडईतून पिशवी अडकवून निघालं की ती गुडघ्यांना हलके हलके आपटत राहते, वळणावर जरा बाहेर झुकते, ब्रेक मारला की पुढे जाऊन परत येते. बाकी सगळ्या सामानाचे पैसे गेले असं मी अजूनही मानते. हुकाचे नाही.

जाताना त्याने पाना उचलला आणि मागच्या चाकाशी बसला. "हा साडी गार्ड काढून टाकतो. कोणी ठेवत नाही आजकाल, लुक जातो."

"राहू दे."

"तुम्ही तर ड्रेस घालता."

"राहू दे म्हटलं ना."

आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. त्याने पाना ठेवला. रात्री मी कुतूहल म्हणून शोधलं, तर 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत तो चक्क लिहिलेला आहे, 123 वा नियम: मागे बसणाऱ्याला धरायला कडी, पाय ठेवायला जागा, आणि कपडा चाकात जाऊ नये म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकलेला. म्हणजे ज्याला तो पोरगा लुक घालवणारी जाळी म्हणत होता, ती सरकारने राजपत्रात छापलेली जाळी आहे. मला उगाच जिंकल्यासारखं वाटलं. सांगायला मात्र गेले नाही.

रविवारी संध्याकाळी आम्ही ठाण्याला तलावपाळीवर जायचो. तयारीला अर्धा तास लागायचा, त्यातली वीस मिनिटं स्कूटरची. बाबा डिकीतून फडकं काढायचे. ते फडकं म्हणजे त्यांचाच जुना बनियन. बनियनला भोकं पडली की तो घरात पुसायला, तिथे आणखी झिजला की स्कूटरला. (मी परवा एक निळं मऊ कापड विकत घेतलं, खास गाड्या पुसायचं म्हणून. बाबा असते तर किंमत ऐकून त्यांनी ते घडी घालून कपाटात ठेवलं असतं.) मग स्कूटर एका अंगावर तिरकी करायची. पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत पोचायला हवं, असं ते गंभीरपणे सांगायचे. मग चोक, मग किक. चौथ्या-पाचव्या किकेला नाही झाली की प्लग काढून पॉलिशपेपरने घासायचा, फुंकर मारायची, परत बसवायचा. तोवर आईची वेणी घालून झालेली असायची. मी पुढे उभी, हँडलच्या मधोमध दोन्ही हात, तोंडावर सगळा वारा. मागे आई एका बाजूला पाय करून, मांडीवर धाकटा.

आता असं कुणी करू नये, आणि केलं तर दंड होईल. पण तो वारा मला परत कुठे भेटला नाही, हेही खरं.

हायवेला डाव्या-उजव्या बाजूला मिठागरं होती. कांजूरच्या पुढे सूर्य उतरला की पाण्याचे चौकोन तांबडे व्हायचे आणि मिठाचे ढीग मधे पांढरे. मी ते बघत होते. मागून एक टेम्पो आला, आमच्या शेजारी शेजारी चालायला लागला, आणि क्लीनर बाजूला बसलेला माणूस अर्धा बाहेर येऊन ओरडला, "ओ बाई! पदर! पदर!"

बाबांनी असा ब्रेक दाबला की माझी हनुवटी हँडलवर आपटली. आईच्या पदराचं टोक चाकाशी पोचलं होतं. फाटलं नाही, गुंडाळलंही नाही. काठाला वीतभर काळं ग्रीस लागलं, एवढंच. टेम्पो पुढे निघून गेला होता. आई रस्त्याच्या कडेला उभी राहून तो काठ बोटांनी पुसत राहिली, पुसला की जास्त पसरत होता. कुणी काही बोललं नाही. मग आम्ही तलावपाळीवर गेलो आणि भेळ खाल्ली. ती साडी पुढे आईने गोधडीत घातली, काळा काठ आतल्या बाजूला करून. पदर मात्र त्या दिवसापासून कमरेला घट्ट. आजही ती रिक्षात बसताना आधी पदर खोचते, मग पाय आत घेते.

परवा तिला मागे बसवलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, डोक्यावर हेल्मेट (मुंबईत 2022 पासून मागच्यालाही सक्तीचं), एका बाजूलाच बसणार हा हट्ट. बसायच्या आधी वाकून तिने जाळी बोटाने हलवून बघितली. म्हणाली, "त्या समुद्रावरच्या नव्या रस्त्याने ने की एकदा." मला तिला सांगावं लागलं की कोस्टल रोडला दुचाकी चालत नाही. सी लिंकला नाही. फ्री वेला नाही, अटल सेतूला नाही, जे. जे.च्या पुलावरसुद्धा नाही. "मग तुझी चालते कुठे?" भाजीला, म्हटलं. बँकेत. आणि तुला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला.

खरं तर रस्त्यावर माझ्यापेक्षा लोकांचंच माझ्या स्कूटरकडे जास्त लक्ष असतं. ह्या शहरात कुणाला कुणासाठी वेळ नाही असं आपण रोज म्हणतो, आणि साइड स्टँड वर न करता दहा फूट गेलं की तीन दिशांनी "स्टँड! स्टँड!" ऐकू येतं. ओरडणारा आपलं तोंडही बघत नाही. माझ्या स्कूटरला ती सोय राहिली नाही, स्टँड खाली असेल तर इंजिन चालूच होत नाही. लाईट तर कायमचाच चालू. म्हणजे लोकांनी ओरडावं असं तिच्यात फारसं काही उरलेलं नाही. तो रिक्षावाला अजून बोटं हलवतो, पण तोही सुधारेल.

हे सगळं मनात घोळत असतानाच काल सोनापूरच्या सिग्नलला एक मुलगी माझ्या पुढे उभी होती. लेकीएवढीच असेल. काळी स्कूटर, पाठीला सॅक, आणि सॅकखालून निसटलेली पिवळी ओढणी, टोक चाकाच्या बाजूला लोंबतंय. जाळी काढून टाकलेली. ती बसवायचे दोन स्क्रू मात्र तसेच होते.

"अगं ओढणी!" मी ओरडले. माझा आवाज माझ्याच हेल्मेटमध्ये राहिला. काच वर करून परत ओरडले. तिच्या कानात पांढरे इअरफोन. हॉर्न मारला, तर सिग्नल सुटला म्हणून मारला असं समजून तिने गाडी काढली. मी मागे लागले. मधे एक बस आली, मग पत्रे, मग ते चार बोटं रुंद झालेलं माझं गार्ड पत्र्याला घासलं आणि मला थांबावं लागलं. भांडुप स्टेशनच्या वळणापर्यंत पिवळं दिसत होतं. तिथून ती कुठे गेली, कळलं नाही.

मी पुढे दोन सिग्नल उगाच सरळ गेले. मग यू-टर्न घेऊन घरी आले.