चोथा, चिमटा आणि मीटर गेज

छोट्या मॉडेल रेल्वेचा नाद असलेल्या घरात कचऱ्याचा डबा दाराबाहेर जाण्याआधी एकदा चाळला जातो. इंजिनं, डबे, रूळ विकत घ्यायचे आणि घरात किंमत थोडी कमी करून सांगायची. हत्यारं मात्र ओट्यावर आणि औषधांच्या खणातच सापडतात.

गंमत म्हणजे यातल्या बऱ्याच वस्तू नव्या असून चालत नाहीत. इंजिनाच्या दातेरी चाकांत अडकलेला धुरळा झाडायला दातांचा ब्रश झिजून मऊ झालेलाच हवा. गोळ्या संपल्याशिवाय त्यांच्या पाकिटाच्या खळग्यांत थेंब थेंब रंग कसा काढणार? कपड्यांचे लाकडी चिमटे तेवढे दांडीवरून धडधाकटच पळवावे लागतात. फेव्हिकॉल वाळेपर्यंत इवल्याशा स्टेशनाच्या भिंती तेच धरून ठेवतात.

खडी चिकटवणं हे सगळ्यांत किचकट काम. रुळांमध्ये बारीक खडी पसरायची, पाण्याचा फवारा मारून ती ओली करायची आणि पातळ केलेला फेव्हिकॉल बिनसुईच्या सिरिंजने थेंबाथेंबाने सोडायचा. औषधाच्या बाटलीसोबत आलेला ड्रॉपरही चालतो. फवाऱ्यात आणि गोंदात भांड्यांच्या लिक्विडचा एकेक थेंब हवाच. नाहीतर पाणी खडीत मुरत नाही, वरच गोळा होतं आणि खडीला घेऊन घरंगळतं.

जमिनीसाठी परदेशातले हौशी लोक चहाची वापरलेली पावडर सुचवतात. ते टी-बॅगवाले! आपला चोथा दुधासाखरेत उकळलेला. तसाच वाळवून पसरला तर आधी मुंग्या येतात, मग बुरशी. पाणी नितळ येईपर्यंत तो धुवायचा, कडक उन्हात खडखडीत वाळवायचा आणि जुन्या गाळणीतून चाळायचा. मग मात्र मराठवाड्यातली नांगरलेली काळी रानं हुबेहूब उठतात. कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम पाहून आलेल्यांना इंजिनं आठवतात. या नादातला माणूस वाकून जमीन बघतो.

खरा खेळ मापाचा. जगभर सर्वाधिक चालणारं माप १:८७, म्हणजे खऱ्यातले ८७ सेंमी इथे एक सेंमी. मीटर गेजचा, म्हणजे एक मीटर रुंदीच्या मार्गाचा, लाकडी स्लीपर (रुळांखालची आडवी फळी) १८० सेंमी लांब, म्हणजे इथे जेमतेम २ सेंमी. देवापाशी जळून पडलेल्या काडीचं काळं टोक छाटून दोन तुकडे करा, जवळपास तेवढेच भरतात. १९९२ पासून युनिगेजच्या, म्हणजे सगळे मार्ग एकाच रुंदीचे करण्याच्या कामात मीटर गेजचे मार्ग एकेक करून रुंद ब्रॉडगेज होत गेले. तसल्या स्टेशनाच्या कडेला उखडलेल्या स्लीपरांची चळत दाखवायची, तर दिवाबत्तीच्या काड्या फेकून कसं चालेल?

थर्माकोलचे डोंगर मात्र मला पटत नाहीत. कापताना त्याचे दाणे घरभर उडतात आणि नेमके ताज्या रंगावर येऊन बसतात. त्यापेक्षा अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे भिजवून लगदा करावा. फक्त शाकाहारी घरात ते आणायचे कुठून, हे ज्याचं त्याने बघावं.