पंच्याण्णवावं प्रेत

आजचा अख्खा रविवार एलिस पीटर्सच्या ‘वन कॉर्प्स टू मेनी’ या रहस्यकादंबरीनं खाल्ला. साल ११३८. इंग्लंडात स्टीफन आणि मॉड यांचं गादीवरून युद्ध चाललंय. श्रूजबरीचा किल्ला पडतो, राजा स्टीफन ९४ जणांना फासावर लटकवतो. अंत्यसंस्कारासाठी आलेला मठातला ब्रदर कॅडफेल प्रेतं मोजतो, तर भरतात ९५!

म्हणजे एक खून त्यात लपवलाय. तो शोधायला ठसे नाहीत, प्रयोगशाळा नाही. पण मठाचा दिवस घंटेवर चालतो, प्रार्थनेला कोण नव्हतं ते लगेच कळतं. त्यात कॅडफेल काही जन्माचा साधू नव्हे. क्रुसेड (ख्रिस्ती धर्मयुद्ध) लढून, समुद्र पालथा घालून उशिरा मठात आलेला वेल्श गडी. औषधी वनस्पतींची बाग सांभाळतो. (दुसऱ्या एका कादंबरीत त्याच्याच विषारी बचनागाच्या तेलानं खून होतो.)

कॅडफेलच्या मालिकेत २० कादंबऱ्या आहेत म्हणे. क्रमानं वाचू की मिळतील तशा?