समजेल अशा भाषेत

विधी सेवा प्राधिकरणाच्या वकीलताईंचा फोन आला. "एक कच्चा कैदी आहे, सही करायला सांगितली की अंगठा देतो, पण एकाही प्रश्नाचं उत्तर देत नाही. येता का?" कोर्टात मी कर्णबधिरांसाठी दुभाषी म्हणून काम करते. कारागृहात जाण्याची ही पहिलीच वेळ.

सोबत माझ्या कर्णबधिर सहकाऱ्याला नेलं. खेड्यात वाढलेल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाला भारतीय सांकेतिक भाषा कुठून येणार? त्याच्या खुणा घरातल्या, गावातल्या. त्या माझ्यापेक्षा माझ्या सहकाऱ्याला लवकर उमगतात. मोबाइल गेटवर जमा झाले, म्हणजे चित्रं दाखवायचीही सोय नाही. कागद, पेन्सिल आणि चार हात.

तिशीचा तरुण. दोन बोटं खांद्यावर आपटून त्यानं पोलीस दाखवले. जीप दाखवली, मार दाखवला, अंगठा दाखवला. कधीपासून इथे आहेस, हे विचारायलाच बराच वेळ गेला. शेवटी त्यानं कपाळाशी दोन्ही हातांनी शिंगं धरली, त्यांना रंग फासला, समोरच्या अदृश्य तोंडाला घास भरवला. पोळा! वकीलताईंनी फाइल उघडली. अटकेची तारीख पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची.

कशासाठी आणलं, हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं. सहकाऱ्यानं विहीर केली, पाइप सोडवला, मोटार खांद्यावर घेऊन अंधारात पळून दाखवलं आणि मग बोट त्याच्याकडे रोखलं. तो बघत राहिला. मग दोन्ही पंजे जोरजोरात हलवू लागला, नाही, नाही. चोरी त्यानं केली की नाही ते कोर्ट ठरवेल. पण आरोप काय आहे, हे इतक्या महिन्यांत त्याला त्या दिवशी प्रथम कळलं. आणि फाइलमधल्या कागदावर छापलेलं होतं: अटकेची कारणे आरोपीस समजेल अशा भाषेत सांगितली. खाली त्याचा अंगठा. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ ची अट अशी पूर्ण झालेली पाहून माझे हात थरथरले, रागानं.

बॅरेकमधला सगळा कारभार कानांवर चालतो. टोटलला, म्हणजे कैद्यांच्या मोजणीला आरोळी, मुलाखतीला नावाचा पुकारा, दवाखान्यालाही पुकाराच. टोटलला उशीर झाला म्हणून त्याला 'मस्तीखोर' ठरवून मारही बसला होता. मग शेजारच्या एका वयस्क बंद्यानं त्याला आपल्या अंथरुणालगत घेतलं. आरोळी झाली की तो याचा सदरा ओढतो. प्रशासनानं करायचं ते काम एक कैदी करत होता. कोर्टाची तारीख व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर. पडद्यासमोर उभं करायचं, साहेबांचे ओठ हलतात, परत बॅरेक.

अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्याचं कलम १२ न्याय मिळवण्याच्या सोयींबद्दलच आहे. जुलै २०२५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयानं तामिळनाडूच्या एका प्रकरणात सांगितलं, की दाखल होतानाच बंद्याचं अपंगत्व ओळखा आणि तुरुंगाचे नियम त्याला कळतील अशा रूपात द्या. इथे दाखल करताना कुणी त्याच्या पाठीमागे टाळी वाजवून पाहिली असती, तरी पुरलं असतं.

वकीलताईंनी तिथेच अर्जाचे मुद्दे काढले. प्रत्येक तारखेला दुभाषी आणि कर्णबधिर सहायक, व्हीसीऐवजी प्रत्यक्ष हजेरी, आणि त्या वयस्क बंद्यापासून त्याला हलवू नये. पहिल्या दोन मागण्या कोर्टानं मान्य केल्या. तिसरीसाठी आम्ही कारागृहाला पुन्हा लिहिलं आहे.